घनता मोजली, पण आकडा तक्त्याशी जुळतच नाही

तक्रार दर वेळी जवळपास तीच असते. धातूचा तुकडा ओळखायचा होता. वजन केलं, २० ग्रॅम भरलं. मोजपात्रात पाणी घेऊन तुकडा सोडला, पाणी ३ मिलीने चढलं. भागाकार आला ६.७. तक्त्यात जवळात जवळ सापडलं ते जस्त, ७.१४. तुकडा तर उघड उघड तांबूस दिसतोय. पुन्हा मोजलं, तर या खेपेला पाणी २ मिलीच चढलं. घनता १०, म्हणजे थेट चांदीच्या (१०.५) शेजारी. तिसऱ्यांदा मोजायचा धीर कुणाला नसतो. काटा बिघडलाय असं म्हणायचं, वहीत तांब्याची ८.९६ उतरवायची आणि सही घ्यायची, ही प्रयोगशाळेतली जुनी रीत.

खाली सगळ्या घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये आहेत. १ मिली म्हणजेच १ घन सेंटिमीटर, त्यामुळे रूपांतराचा घोळ नाही.

काटा बहुतेक वेळा निर्दोष असतो. ०.०१ ग्रॅम दाखवणारा साधा सराफी काटा २० ग्रॅमच्या वजनात चुकून चुकून किती चुकेल? गोम आकारमानात आहे. १०० मिलीच्या मोजपात्रावर एकेक मिलीच्या रेघा असतात, अर्धा मिली आपण डोळ्याने अंदाजतो. २० ग्रॅम तांब्याचं आकारमानच मुळात २.२३ मिली. त्यासाठी पाण्याची पातळी दोनदा वाचायची आणि दोन्ही वेळा अर्ध्या मिलीची डगमग धरायची. मग मोजण्यातली चूक मोजायच्या आकारमानाच्या जवळपास निम्मी होऊन बसते. अशा पात्रात तांबं, पितळ आणि लोखंड वेगळं ओळखता येणार नाही, मग कितीही जपून मोजा. पात्र तेच वापरायचं असेल तर तुकडा मोठा घ्या. २०० ग्रॅमचा घेतलात तर पाणी २२ मिलीने चढेल आणि अर्ध्या मिलीचा उपद्रव पुष्कळ कमी होईल. पण ओळखायची वस्तू बहुधा एकच असते, आणि ती लहानच असते.

म्हणून पद्धत बदला. काट्यावर पाण्याचा छोटा बीकर ठेवा आणि टेअर दाबून आकडा शून्यावर आणा. तुकडा बारीक नायलॉनच्या धाग्याने वरून, काट्याला न टेकलेल्या स्टँडला टांगा आणि पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. पाणी तुकड्याला जेवढ्या बलाने वर ढकलतं तेवढ्याच बलाने स्वतः खाली दाबलं जातं, आणि ते बल म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. काटा २.२२ दाखवत असेल तर तुकड्याने २.२२ ग्रॅम पाण्याची जागा घेतली. आता कोरड्या वजनाला या आकड्याने भागा आणि पाण्याच्या त्या वेळच्या घनतेने गुणा. पाणी ३५ अंशावर असेल तर त्याची घनता ०.९९४ धरायची: २० × ०.९९४ ÷ २.२२ = ८.९५. काटा तोच आणि तुकडाही तोच, पण डोळ्याचा अंदाज हिशेबातून बाहेर गेला.

(आर्किमिडीजच्या मुकुटाची गोष्ट सांगताना पाणी सांडवून दाखवतात, त्याचा एकदा हिशेब मांडून बघा. एक किलोच्या मुकुटात ३०० ग्रॅम चांदी भेसळ असेल तर शुद्ध सोन्याच्या मानाने १३ मिली पाणी जास्त सांडेल. २० सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात तो पातळीतला फरक ०.४ मिलीमीटर. गॅलिलिओलाही ही सांडण्याची पद्धत ढोबळ वाटली होती. १५८६ मध्ये त्याने पाण्यात टांगून तोलायच्या तराजूचं वर्णन केलं. आपण वर तेच करतोय, फक्त काटा डिजिटल आहे.)

चूक कोणत्या बाजूला आहे ते आधी बघा

आकडा जुळत नाही एवढ्यावर थांबू नका. तो खऱ्यापेक्षा कमी आला की जास्त, आणि दर वेळी त्याच बाजूला येतो की कधी इकडे कधी तिकडे, यावरून निम्मं निदान होतं. पण खरा आकडा माहीत असल्याशिवाय हे कळणार कसं? म्हणून अज्ञात वस्तूला हात लावण्याआधी एक ज्ञात वस्तू मोजा. अर्थिंगची उघडी तांब्याची तार चालते. ती सैल गुंडाळा, घनता ८.९ च्या आसपास यायला हवी. वाइंडिंगची तार नको, तिच्यावर इनॅमलचा थर असतो. ज्ञात वस्तूच जुळत नसेल तर अज्ञात वस्तूबद्दल बोलायचंच नाही.

घनता दर वेळी कमीच येत असेल तर पहिला संशय बुडबुड्यावर घ्या. ज्वारीच्या दाण्याएवढा, म्हणजे साधारण ४ मिलीमीटरचा बुडबुडा ०.०३ मिलीचा भरतो. वरच्या २.२३ मिलीत ही दीड टक्का चूक झाली. नक्षीकामाच्या खाचांत, साखळीच्या कड्यांत, तारेच्या वेटोळ्यांत असे बुडबुडे हमखास लपतात. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, वस्तू बुडवून धाग्याने दोन-चार हिसके द्या. पाणी आधी उकळून झाकून गार केलेलं असेल तर उत्तम, कारण थेट नळाचं पाणी ठेवल्या ठेवल्या काचेवर बारीक बुडबुडे सोडत राहतं. दुसरा संशय तळाचा. तुकडा जरा जरी तळाला टेकला तर त्याच्या वजनाचा काही भाग काट्यावर येतो, आकारमान फुगलेलं दिसतं आणि घनता धाडकन खाली येते. याची खूण सोपी आहे: धागा ढिला पडलेला दिसतो.

घनता दर वेळी जास्त येत असेल तर उलटं शोधा. वस्तूचा एखादा कोपरा पाण्याबाहेर आहे का? वस्तू आधी पाण्यात आणि मग ओलीच काट्यावर, असा क्रम झाला का? कोरडं वजन आधी घ्यायचं असतं. वस्तू सच्छिद्र असून पाणी पितेय का? बुडवलेल्या वस्तूने पाणी शोषलं तर सारलेलं पाणी कमी दिसतं. विटेचा किंवा खडूचा तुकडा असेल तर काट्यावरचा आकडा तुमच्या डोळ्यांदेखत घसरत जातो. सुती दोरा वापरला असेल तर तोही पाणी वर ओढून नेतो, नायलॉन सांगायचं कारण तेच. आणि आपल्याकडचं खास कारण म्हणजे बाष्पीभवन. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावला दुपारी पारा पंचेचाळिशीकडे असतो, वर पंखा गरगरत असतो. टेअर करून ठेवलेल्या बीकरातलं पाणी ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर उडताना चक्क दिसतं. टेअर केल्यावर लगेच वस्तू बुडवा, वाचन घ्या, वस्तू बाहेर काढून आकडा पुन्हा शून्याच्या जवळ येतो का बघा. वस्तूला चिकटून गेलेल्या थेंबांएवढा फरक पडेल, त्याहून जास्त पडला तर वाचन टाकून द्या.

कधी वर, कधी खाली असं होत असेल तर पंखा बंद करा. उन्हाळ्यात हे सांगणं जिवावर येतं, पण हलक्या काट्याला पंख्याचा वारा खपत नाही. कूलरचा तर त्याहून नाही.

उन्हाळ्याला दोष कुठे द्यायचा, कुठे नाही

घन वस्तूंच्या बाबतीत "तापमानामुळे फरक पडला" हे वाक्य मी सहसा मान्य करत नाही. पाण्याची घनता २० अंशाला ०.९९८२, ३० ला ०.९९५७ आणि ४० ला ०.९९२२. म्हणजे ४० अंशाच्या पाण्याला बिनधास्त १ धरलंत तरी चूक एक टक्क्याच्या आत. तांबं ८.९६ आणि पितळ ८.४ ते ८.७, यांच्यातलं अंतर तीन ते सहा टक्के. उन्हाळ्याने तांब्याचं पितळ होत नाही. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचंही तसंच. लिटरला दीड ग्रॅम क्षार असले तर घनता हजारात एकाने वाढेल. घन वस्तू ओळखायला हे पाणी चालतं. विशिष्ट गुरुत्व बाटलीने (ठरावीक आकारमानाची बाटली भरून तोलतात ती) द्रवाच्या घनतेचा चौथा दशांश काढायचा असेल तेव्हा मात्र डिस्टिल्ड वॉटरच घ्या.

द्रवांचं गणित वेगळं आहे. तेल १० अंशांनी तापलं की त्याची घनता सुमारे ०.००७ ने उतरते, पेट्रोलची त्याहून थोडी जास्त. पेट्रोल पंपावर हायड्रोमीटर (द्रवात तरंगवून घनता वाचायची काचेची नळी) आणि थर्मामीटर घेऊन घनता तपासायचा ग्राहकाला हक्क आहे, आणि वादही तिथेच होतो. पंपावरच्या फलकावर लिहिलेली घनता १५ अंशाला आणलेली असते आणि तिच्याशी घनमीटरला ३ किलोपर्यंतचा फरक चालतो. ४० अंशाच्या पेट्रोलमध्ये हायड्रोमीटर बुडवून थेट तुलना केलीत तर नुसत्या तापमानाने सुमारे २० किलोचा फरक दिसेल. भेसळीचा आरोप करण्याआधी रूपांतराचा तक्ता मागा, तो पंपावर असतो.

दुधाचा घोळ याच जातीचा, पण त्यात माणसांची भांडणं होतात म्हणून जरा सविस्तर. डेअरीवर सकाळी लॅक्टोमीटर खाली बसला की पहिला प्रश्न, "पानी टाकेल शे का यामा?" गाईच्या दुधाची घनता साधारण १.०२८ ते १.०३०, म्हशीच्या दुधाची १.०३० ते १.०३२; लॅक्टोमीटरवर २८, ३० असे शेवटचे अंक वाचतात. दुधात दहा टक्के पाणी टाकलं तर वाचन ३ अंकांनी उतरतं. दूध लॅक्टोमीटरच्या ठरलेल्या तापमानापेक्षा दहा अंशांनी गरम असेल तर पाण्याचा थेंबही न टाकता ते दोन-तीन अंकांनी उतरतं. धारोष्ण दूध नेमकं या सापळ्यात सापडतं. शिवाय नुकत्याच काढलेल्या दुधात हवा अडकलेली असते आणि स्निग्धांश अजून घट्ट झालेला नसतो. तेच दूध काही तास थंड ठेवलं की वाचन सुमारे एका अंकाने आपोआप चढतं. उपाय साधा आहे: लॅक्टोमीटरच्या दांडीवर लिहिलेलं तापमान वाचा (आपल्याकडच्या बऱ्याच लॅक्टोमीटरवर २७ असतं), दूध त्या तापमानाला आणा, फेस बसू द्या, मग वाचा.

लॅक्टोमीटर बरोबर वाचला म्हणजे दूध शुद्ध, असंही समजू नका. साय काढली की घनता वाढते, पाणी टाकलं की कमी होते. दोन्ही बेताने केलं की लॅक्टोमीटर तिसावर शांत उभा राहतो. म्हणून फॅट वेगळं मोजतात.

हायड्रोमीटरच्या बारीकसारीक चुका एका दमात सांगतो. तो भांड्याच्या काठाला चिकटलेला नसावा, दांडी तेलकट नसावी, सोडताना गोल फिरवून सोडा म्हणजे बुडबुडे निघून जातील. पारदर्शक द्रवात काठावर चढलेली कड वाचायची नसते, सपाट पातळी वाचायची असते.

आकडा बरोबर आला, तरी ओळख पटत नाही

आता खरी अडचण. मोजमाप चोख आहे, ज्ञात तार ८.९ देतेय, तरी वस्तूचं नाव ठरत नाही. इथे मोजणाऱ्याचा दोष नसतो. घनतेला जेवढं सांगता येतं त्याच्या पलीकडचं आपण तिला विचारत असतो.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न शेंगदाणा तेलाचा. त्यात सरकीचं तेल मिसळलंय का, हे घनतेवरून सांगा, असं लोक म्हणतात. सांगता येत नाही. दोन्ही तेलं ०.९१ ते ०.९२ मध्ये बसतात आणि त्यांच्यातल्या फरकापेक्षा सकाळ-दुपारच्या तापमानाचा फरक मोठा पडतो. सरकीच्या तेलासाठी हाल्फेनची रंग-चाचणी आहे, तिच्यात तांबडा रंग येतो, पण ती प्रयोगशाळेतच करायची. घरी हायड्रोमीटर घेऊन बसण्यात अर्थ नाही.

त्याहून गंभीर प्रकरण लेबल नसलेल्या बाटलीचं. २० अंशाला इथेनॉल ०.७८९, मिथेनॉल ०.७९२, ॲसिटोन ०.७९, आयसोप्रोपिल अल्कोहोल ०.७८५. शाळेच्या हायड्रोमीटरला हे चौघे एकच दिसतात, आणि त्यातलं मिथेनॉल डोळे घालवतं, जीवही घेतं. ०.७९ आलं म्हणून बाटलीवर "इथेनॉल" अशी चिठ्ठी चिकटवणं हा गुन्हाच समजा. त्यातून पाणी मिसळलेलं असेल तर सरासरी काढून प्रमाण सांगायलाही जाऊ नका. ५० मिली इथेनॉल आणि ५० मिली पाणी एकत्र केलं की १०० भरत नाही, ९६-९७ मिलीच भरतं.

सोन्याच्या बाबतीत घनता अर्धं काम करते. शुद्ध सोनं १९.३, बावीस कॅरट साधारण १७.५ ते १७.९, त्यात तांबं किती नि चांदी किती यावर अवलंबून. जळगावच्या सराफ बाजारातून घेतलेली भरीव अंगठी १२ वर आली तर काहीतरी गडबड आहे हे नक्की. पण पोकळ बांगडी किंवा लाख भरलेला दागिना खऱ्या सोन्याचा असूनही कमीच दाखवणार. उलट्या बाजूला टंगस्टन १९.२५ वर बसलंय, सोन्याच्या इतकं जवळ की वरून सोनं आणि आत टंगस्टनचा गाभा असेल तर तो या काट्याने पकडता येत नाही. दागिन्यावरचा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, पडताळणं जास्त शहाणपणाचं.

चांदीत मात्र ही पद्धत चांगली उपयोगी पडते. नंदुरबार भागातली जुनी जड कडी, वाळे ओळखायला आले की प्रश्न असतो, चांदी की जर्मन सिल्व्हर? चांदी १०.५, तांबं-निकेल-जस्ताचं जर्मन सिल्व्हर ८.४ ते ८.८. पन्नास ग्रॅमच्या कड्याला चांदी असेल तर ४.८ ग्रॅमच्या आसपास वाचन येईल, जर्मन सिल्व्हर असेल तर ५.८ च्या. एक ग्रॅमचा फरक कुणालाही दिसेल. फक्त ध्यानात ठेवा, पोकळी घनता कमीच करते, वाढवत कधी नाही. म्हणून १०.४ आलं तर जर्मन सिल्व्हर बाद. ८.६ आलं तर ते जर्मन सिल्व्हर असेल किंवा आतून पोकळ चांदी, आणि काटा त्यापुढे गप्प.

तांब्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या तारेलाही हीच पद्धत लावा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या तारेत आकारमानाने १० टक्के तांबं असेल तर घनता ३.३ भरते. वरून रंग तांब्याचाच दिसतो. पंपाची केबल घेताना वीतभर तार सोलून, वरचं आवरण पूर्ण काढून मोजली तर पाच मिनिटांत निकाल लागतो.

प्लास्टिकमध्ये लोक पाण्यात टाकून बघतात, तरंगलं तर पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिथिन, बुडलं तर पीव्हीसी. जळगावात चटईचे कारखानेही आहेत नि पीव्हीसी पाइपांचेही, त्यामुळे भंगार वेगळं करताना हे रोजचं. ठोकताळा बरा आहे, पण दोन ठिकाणी फसतो. पॉलिप्रॉपिलिन ०.९ चं असलं तरी त्यात २० टक्के खडूची पूड भरली की १.०५ होतं आणि मुकाट बुडतं. आणि पीव्हीसी व पेट (PET) प्लास्टिकची बाटली दोन्ही १.३८ च्या आसपास, दोन्ही तळाशी. संपृक्त मिठाचं पाणी (१.२) केलंत तरी ते दोघे वेगळे होत नाहीत.

भुगा, रवा, वाळू यांची तक्रार वेगळीच असते: तापीची वाळू मोजपात्रात भरली, घनता १.६ आली, क्वार्ट्झ तर २.६५. दाण्यांच्या मधली हवा मोजली गेली, दुसरं काही नाही. आधी पाणी घ्या, मग त्यात वजन केलेली वाळू सोडा, ढवळून हवा काढा आणि पाणी किती चढलं ते वाचा. पाण्यात विरघळणारे पदार्थ असतील, मीठ (२.१६), तुरटी (१.७६), साखर (१.५९), तर पाण्याऐवजी रॉकेल वापरा. रॉकेलची घनता मात्र त्याच दिवशी, त्याच तापमानाला स्वतः मोजा, पुस्तकातली घेऊ नका. आणि जवळपास आग नको.

शेवटी दगड. जळगाव जिल्ह्यातल्या खाणींत बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये चमकदार स्फटिक मिळतात, मुलं ते हौसेने आणतात. इथे घनतेने पटकन गट पडतात: स्टिलबाइट २.१ ते २.२, ॲपोफिलाइट २.३५ च्या आसपास, क्वार्ट्झ २.६५, कॅल्साइट २.७१. स्फटिकाला मागे काळा दगड चिकटलेला असेल तर तो फोडून काढा, कारण बेसाल्ट २.९ चा आणि तो आकडा वर ओढतो. स्वतः बेसाल्ट मोजायचा असेल तर भोकं नसलेला तुकडा निवडा, जाळीदार दगड २.४ ही दाखवेल. स्टिलबाइट आणि ॲपोफिलाइट एकमेकांपासून आणि उरलेल्या दोघांपासून काट्यानेच वेगळे होतात. २.६५ आणि २.७१ मधला फरक जेमतेम दोन टक्के, छोट्या स्फटिकात एखादा बुडबुडाही तो झाकून टाकतो. त्या जोडीसाठी जुन्या काचेच्या तुकड्यावर स्फटिक घासा. ओरखडा उठला तर क्वार्ट्झ. नाही उठला आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने फसफसलं, तर कॅल्साइट.